कर्जाची घंटा

आमच्या बँकेत कर्ज मंजूर झालं की घंटा वाजवायचे. जहाजावरची जुनी पितळी घंटा, कर्जखात्याच्या साहेबानं हौसेनं आणलेली. ती पहिल्यांदा वाजली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. देवळाची सवय, दुसरं काय! साहेबाला वाटलं, मी कर्जाला आशीर्वाद दिला. "ब्रिलियंट!" म्हणाला, आणि पुढच्या प्रत्येक घंटेला मला बोलावणं येऊ लागलं.

वास्तविक मी कर्जातला धोका जोखणाऱ्या रिस्क खात्यात होते. माझं कामच मुळी नाही म्हणण्याचं. तेलाचे भाव भडकले होते आणि नॉर्थ सीत भोक पाडतो म्हणणाऱ्या कुणालाही आम्ही पैसे देत होतो. तारण काय, तर समुद्राखालचं तेल, जे अजून कुणी पाहिलंही नव्हतं. बाजारात तुरी! मी मीटिंगमध्ये नाही म्हणायचे, साहेब "नोटेड" म्हणायचा, आणि लंचनंतर घंटा वाजायची. मी मुकाट्यानं हात जोडायचे. करते काय? व्हिसा बँकेच्या हातात होता आणि मुलीची जीसीएसई, म्हणजे ब्रिटिश दहावी, तोंडावर.

मग तेल उतरलं. कर्जदार फोन उचलेनासे झाले आणि एका सकाळी बँकच बुडाली. तेल गेलं, तूप गेलं ही म्हण मी मुद्दाम टाळतेय. आमच्या स्टॅनमोर उपनगरातल्या यच्चयावत मराठी काकांनी ती मला ऐकवून झालीय. मला मेलं हसू येत नव्हतं. नोकरी गेली की व्हिसाही जाणार. मुलगी रोज विचारायची, "आई, माझी एक्झाम होईपर्यंत आपण इथे आहोत ना?"

बँक गुंडाळायला एका फर्मची माणसं आली. त्यांनी साहेबाला विचारलं, कुठली कर्जं बुडीत?

"हिला विचारा," साहेब म्हणाला. "ही सगळ्यांनाच नाही म्हणायची."

वसुलीसाठी त्यांनी मला ठेवून घेतलं, व्हिसासकट. साहेबाला नारळ मिळाला.

खोका घेऊन निघताना तो माझ्या टेबलाशी थांबला.

"तू हात जोडून मागायचीस तरी काय?"

"मुलीची परीक्षा होईपर्यंत तरी बँक बुडू नये."

तो खो खो हसला. जाता जाता त्यानं सवयीनं घंटा वाजवली. माझे हात जोडले गेले, आणि खरं सांगते, त्या वेळी मी त्याच्यासाठी मागितलं.