उजव्या पायाचा आवाज

ज्युडा नागावकरने एकतीस वर्षं जिमच्या जमिनी घातल्या. टोरांटो, हॅमिल्टन, विनिपेग, एकदा थेट एडमंटन. मेपलच्या पट्ट्या ठोकायच्या, घासायच्या, पॉलिशचे हात द्यायचे, रेषा आखायच्या. काम संपलं की बाकीची माणसं हत्यारं आवरू लागत आणि ज्युडा एक बास्केटबॉल घेऊन हॉलच्या कोपऱ्यातून निघे. पावलागणिक बॉल आपटायचा आणि कान द्यायचा. जमिनीला खालून नीट आधार नसेल तिथे बॉल कमी उसळतो, आवाज बसका येतो. अशा जागेला तो मेलेली जागा म्हणे. सापडली की खडूने फुली, आणि तेवढा तुकडा उचकटून पुन्हा घालायचा. फोरमन कावायचा, “कोणाला कळणार आहे?”

“बॉलला कळेल,” ज्युडा म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी तो निवृत्त झाला. डावा गुडघा डॉक्टरांनी बदलला होता, उजवा बदलायच्या यादीत होता. नॉर्थ यॉर्कच्या घरात तो जिना चढायचा तो एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून. आधी बरा पाय, मग दुखरा. त्याच पायरीवर. मग पुढची.

मेमधल्या एका गुरुवारी सकाळी तो स्वयंपाकघरात चहा घेत होता. त्याचा मुलगा ऑरेन आदल्या दिवशी आला होता आणि बेसमेंटमध्ये झोपला होता. बेसमेंटच्या जिन्यावरून पावलं वर येऊ लागली. डावं पाऊल जड. मग उजवं, हलकं, त्याच पायरीला टेकलेलं. पुन्हा डावं. पुन्हा उजवं, हलकं.

ज्युडाच्या हातातला कप तसाच राहिला. ती चाल त्याची स्वतःची होती.

दारात आला तेव्हा ऑरेन सरळ चालत होता. सहा फूट सात इंच उंच, एकवीस वर्षांचा. चौकटीखाली मान वाकवून तो आत आला.

“मॉर्निंग, पप्पा.”

“काही दुखतंय का रे?”

“नोप. ऑल गुड.”

तो सफरचंद घेऊन खाली गेला. उतरताना पावलं दोन-दोन पायऱ्या घेत गेली. वडील ऐकताहेत हे त्याला आता माहीत होतं.

ऑरेन ओहायोतल्या एका कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायचा. तीन वर्षं झाली होती, चौथं बाकी होतं. यंदा त्याने व्यावसायिक ड्राफ्टमध्ये, म्हणजे मोठ्या टीमा दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव घातलं होतं. नाव मागे घ्यायची मुदत पुढच्या बुधवारपर्यंत. मागे घेतलं तर कॉलेजचं एक वर्ष शाबूत. नाही घेतलं तर कॉलेज कायमचं सुटलं, मग टीमने निवडो वा न निवडो. निवडीच्या पहिल्या तिसांत तो नक्की नव्हता. शेवटच्या काहींत कदाचित. दोन टीमांनी चाचणीला बोलावून पाहिलं होतं, तिसरीने मंगळवारी बोलावलं होतं. एजंट रोज फोनवर सांगायचा, आत्ता तुझं नाव लोकांच्या तोंडात आहे, पुढच्या वर्षी दुसऱ्याचं असेल.

ज्युडाला गुडघा काय असतो ते माहीत होतं. लपवलेला गुडघा काय करतो तेही. नाव तसंच राहिलं आणि गुडघा मंगळवारी गेला, तर ना टीम, ना कॉलेज. आणि हे तोंडाने बोलावं तर मुलगा म्हणेल, माझी संधी तुम्ही घालवलीत. जन्मभर म्हणेल. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, ज्युडा गप्प राहिला. जेवताना टेबलाखाली मुलाचा उजवा पाय लांब पसरलेला असायचा, कधी दुमडलेला नाही. ज्युडाची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाई.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. ऑरेन दहा वर्षांचा असताना बोटाला पट्टी बांधून सरावाला जायला कुरकुरत होता. तेव्हा ज्युडाने त्याला एक नियम सांगितला होता: काम संपल्याशिवाय दुखणं सांगायचं नाही. पुढे तो नियम घरात चांगलाच रुजला. हा मुलगा ताप अंगात घेऊन शाळेचे सामने खेळला आणि ज्युडा चारचौघांत ते अभिमानाने सांगत आला.

त्याची बायको सिम्हा मलिद्याच्या तयारीत होती. ऑरेनची निवड झाली तर आपल्या ज्यूंच्या प्रेषिताच्या, एलियाहू हन्नाबीच्या, नावाने मलिद्याचं ताट करीन, असा तिचा नवस होता. पोहे, नारळ, खजूर, वेलची सगळं आणून ठेवलेलं. ज्युडा म्हणाला, “अजून काही झालेलं नाही.”

“होईल की. तुम्ही तोंड का असं केलंय? तुमची निवड आहे का?”

शनिवारी प्रार्थनेनंतर सिनेगॉगच्या पायऱ्यांवर तिघाचौघांनी ऑरेनच्या पाठीवर थापा मारल्या. टीव्हीवर कधी दिसणार, आम्हाला तिकिटं देशील की ओळख विसरशील. ऑरेन हसत होता. हात कठड्यावर होता. बोटं पांढरी पडेपर्यंत त्याने तो धरला होता. ज्युडा ती बोटंच पाहत राहिला.

रविवारी सकाळी तो मुलाला म्हणाला, “चल, ईश्वरच्या हॉलमध्ये जाऊ. मंगळवारच्या आधी थोडा हात चालव.”

ईश्वर म्हणजे जमिनी घालणाऱ्या गँगमधला ज्युडाचा जुना जोडीदार, मूळचा नाशिकचा. गुडघे वेळीच सांभाळून त्याने जमिनीचं काम सोडलं आणि एका कम्युनिटी सेंटरचा केअरटेकर झाला. त्या हॉलची जमीन दोघांनीच घातली होती. ईश्वरने कुलूप काढलं, दिवे लावले आणि ऑरेनकडे मान वर करून पाहिलं.

“अरे, अजून वाढतोस का? दिवा बदलायचाय वरचा, शिडी आणत नाही मग.”

“हाय, अंकल.”

ऑरेन खेळू लागला. ज्युडा बाकावर बसला आणि त्याने डोळे मिटले.

“झोपला,” ईश्वर म्हणाला. “पोरगा ड्राफ्टला निघाला आणि बाप डुलक्या काढतो.”

“ऐकतोय.”

“काय ऐकतोयस? कीर्तन आहे का?”

“गप जरा.”

उडी मारून माणूस खाली येतो तेव्हा दोन्ही पायांचा एकच आवाज यावा. ज्युडाला दोन ऐकू आले. आधी डावा, भक्कम. मग उजवा, घाबरल्यासारखा, टाच न टेकवता. पुढच्या उडीलाही दोन. त्याच्या पुढच्या उडीला दोनच, आणि मधलं अंतर वाढलेलं. या जमिनीची पट्टी न् पट्टी त्याला ठाऊक होती. जमिनीत दोष नव्हता. सातव्या उडीलाही तेच. आठवीला उजव्याचा आवाज आलाच नाही तर, असं वाटून त्याने डोळे उघडले.

“ऑरेन, थांब. इकडे ये.”

“आय जस्ट स्टार्टेड.”

“ये.”

ऑरेन येऊन समोर उभा राहिला, बॉल कमरेशी धरून. ज्युडाला रात्रंदिवस जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवेना. जे आठवलं ते त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

“ईश्वर, एडमंटनची शाळा आठवते? फेब्रुवारीतली?”

“न आठवायला काय. नाकातलं पाणी गोठायचं.”

“उत्तरेकडच्या बास्केटखाली, डाव्या बाजूला, मला एकट्याला काम दिलं होतं. माझा गुडघा वाकत नव्हता. खालच्या चौकटीत आधाराचे तुकडे सरकवायला गुडघ्यावर बसावं लागतं. मी बसलो नाही. तुकडे न घालताच वरून पट्ट्या ठोकल्या.”

ईश्वरचं हसू गेलं. “तू बॉल फिरवला होतास. मी विचारलं होतं तुला. म्हणालास, झालं ऐकून.”

“तेवढा भाग सोडून फिरवला.”

ईश्वर बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

“सो?” ऑरेन म्हणाला. “इट्स अ फ्लोअर, पप्पा.”

“ऑरेन, तू सहा महिन्यांचा होतास. दुखतंय म्हटलं असतं तर फोरमनने घरी धाडलं असतं. म्हणून लपवलं. मला वाटलं, दुखणं माझं आहे, माझ्यापाशी राहील. ते जमिनीत गेलं. वीस वर्षं पोरं तिथे उड्या मारताहेत.” तो थांबला. “तुझा उजवा गुडघा कधीपासून?”

ऑरेनने बॉल एकदा आपटला आणि धरला.

“काम संपल्याशिवाय दुखणं सांगायचं नाही. युअर रूल.”

“माझाच. चुकीचा होता.”

हे तीन शब्द काढताना ज्युडाला मेपलचा गठ्ठा उचलल्यासारखा दम लागला.

“मार्च,” ऑरेन म्हणाला. “शेवटच्या गेमच्या आधीपासून. चाचणीच्या दिवशी गोळ्या घेतो. तासभर गुडघा चालतो मग.”

“मंगळवारी?”

“सेम प्लॅन.” तो खाली बसला, उजवा पाय पुढे सोडून. मग बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं ते त्याने केलं, पुढचं सगळं मराठीत बोलला. “नाव मागे घेतलं तर विसरतील मला. कॉलेजच्या कोचला सांगितलं तर तो माझी जागा दुसऱ्याला देईल. डॉक्टरने पाहिलं तर काय सांगेल ते मला ऐकायचं नाही. मला रोज भीती वाटते, पप्पा. जिना उतरताना पण.”

“मला पण,” ज्युडा म्हणाला. “गुरुवारपासून.”

भीती घालवील असं काही त्याच्यापाशी नव्हतं. जागा राहील असं तो म्हणू शकत नव्हता, गुडघा बरा होईल असंही नाही. ते त्याने म्हटलं नाही.

ऑरेनने बराच वेळ बॉल मांडीवर फिरवला. मग फोन काढला. आधी कोचला लावला. बोलणं बारा मिनिटं चाललं, त्यातलं ऑरेनचं फार थोडं. त्याची मान खाली जात गेली. शेवटी तो म्हणाला, “येस, सर,” आणि फोन ठेवला.

“चिडलाय. मंगळवारी कॉलेजला ये म्हणाला, टीमचा डॉक्टर बघेल. जागेबद्दल प्रॉमिस नाही.”

तिथेच बाकाला टेकून त्याने नाव मागे घेतल्याची मेल लिहिली. पाठवायच्या आधी अंगठा इतका वेळ थांबला की ईश्वर उठून दिव्यांकडे बघत उभा राहिला. मग अंगठा टेकला. एजंटचा फोन लगेच वाजू लागला. ऑरेनने तो वाजू दिला.

घरी सिम्हाने सगळं ऐकलं, पोह्यांच्या पिशवीकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, “आता नवस बदलावा लागेल. निवडीचा बोलले होते, गुडघ्याचा करते.”

“असा बदलता येतो का?” ज्युडाने विचारलं.

“तुम्ही जमिनीत लबाडी केलीत ती चालली एवढी वर्षं. माझं एवढं चालेल.”

मंगळवारी पहाटे ऑरेन बॅग घेऊन बेसमेंटमधून वर आला. एका पायरीवर दोन्ही पाय, कठडा धरून, कोणी ऐकतंय की नाही याची पर्वा न करता. एकेक पायरी. ज्युडा वर दारात उभा होता. तो आवाज ऐकवत नव्हता, तरी तो तिथून हलला नाही.

एअरपोर्टच्या टॅक्सीत बसताना ऑरेन म्हणाला, “मी फोन केला. नाऊ यू.”

“कोणाला?”

“एडमंटन.”

“बघू. उद्या करतो.”

“पप्पा.”

दुपारी डॉक्टरची वेळ होती. दोन वाजले, अडीच वाजले, ओहायोतून काही आलं नाही. सिम्हा मोबाइल समोर ठेवून खजूर निवडत होती, निवडलेले पुन्हा निवडत होती. ज्युडाने घरचा फोन ओढला आणि ईश्वरने शोधून दिलेला नंबर लावला. शाळेतल्या एका बाईने उचलला. त्याने नाव सांगितलं, सालही सांगितलं. जिमच्या जमिनीबद्दल बोलायचं आहे म्हणाला. उत्तरेकडचं बास्केट, डावी बाजू. तिथे बॉल नीट उसळत नाही, त्याचं कारण मला माहीत आहे.

बाई म्हणाली, थांबा, केअरटेकरला बोलावते.

तो फोन कानाशी धरून थांबला. टेबलावर सिम्हाचा मोबाइल थरथरला. ऑरेनचं नाव आलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी हात कोणीच पुढे केला नाही.

“उचल,” ज्युडा म्हणाला, आणि उभं राहण्यासाठी टेबलाची कड धरली.