पहिला घास सारजाबाईचा

सारजाबाईचा म्हणून कुणावर विश्वास नाही. दुधात पाणी असणारच, दुकानदाराचा काटा खोटा असणारच, हे ती धरूनच चालायची. आणि नवऱ्याच्या ताटातला पहिला घास? तो हिच्या तोंडात! मंगळवेढ्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारे धोंडीराम लग्नापासून त्यावरून कुरकुरत आलेले. "लई खादाड बाई पदरात पडली," असं चारचौघांत सांगायचे. ती आपली घास घेतच राहिली.

पोटाच्या कॅन्सरनं धोंडीराम निम्मे झाले. नेहमीची औषधं लागू पडेनात, तेव्हा सोलापूरच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडम म्हणाल्या, "दोन नव्या गोळ्या आहेत, थेट गाठीवर काम करणाऱ्या. दोन्ही एकत्र दिल्या तर गुण येतो का, ते तपासतोय. फुकट मिळतील. पण खात्री देत नाही."

"फुकट?" सारजाबाईचे डोळे बारीक झाले. "अवो, ह्यात कायतरी गोम हाय. उंदरावर करत्यात तसं तुमच्यावर करायलेत."

"मग काय, मरू का?" धोंडीराम खेकसले आणि चाचणीच्या कागदावर सही करून मोकळे झाले.

पुढच्या खेपेला मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. दोन्ही डब्यांत एकेक कमी!

"काका, जास्त घेतल्या की कुणाला दिल्या? खरं सांगा. असा घोळ असेल तर चाचणीतून काढावं लागेल."

धोंडीरामांना हाच एक आधार उरलेला. डबे भरतानाच मॅडमनी कमी घातल्या असतील, आन् आता आळ माझ्यावर, असंही मनात येऊन गेलं.

"मी खाल्ल्या," सारजाबाई म्हणाली. "इख असलं तर? डबं आणलं त्या सांजंलाच एकेक खाल्ली. सकाळपतोर जित्ती राहिले, मग ह्यास्नी दिल्या. घरात काय बी आलं की आधी मीच खाती. ह्यांच्या ताटातलं बी."

मॅडम भयंकर चिडल्या. तिचं रक्त तपासायला घेतलं, मोठ्या डॉक्टरांना फोन केला. शेवटी म्हणाल्या, "काकांचा डोस चुकलेला नाही, त्यांना ठेवतोय. पण पुन्हा हात लावाल तर खबरदार!"

एस.टी.त आपलं चारचौघांतलं बोलणं धोंडीरामांना राहून राहून टोचत होतं.

घरी सारजाबाईनं अंबील आणली. सवयीनं आधी स्वतः घोट घेतला आणि ओशाळली.

"सारजे," धोंडीरामांनी विचारलं, "त्या गोळ्यांनी तुलाच काय झालं असतं तर गं?"

"तर तुमी खाल्ल्या नसत्या की," ती म्हणाली. "प्या आता, निवायली."