आत्याचा ट्रायलोबाइट

प्रत्येक माणसाला आयुष्यात एकदा तरी अनंतकाळाला हात लावायची संधी मिळते. मला ती रविवारी सकाळी, ओहोटीची वेळ बघून मिळायची, आणि हाताला आधी चिखल लागायचा. अनंतकाळ लागायला दोन हिवाळे गेले.

हे सगळं माझ्या आत्यामुळे. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने रत्नागिरीतल्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं, लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली आणि १९९८ साली निवृत्त झाली. जीवाश्मांचा धडा आला की ती फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी ट्रायलोबाइट काढायची. मधला पट्टा पांढरा, बाजूचे दोन पिवळा आणि निळा, त्यांवर आडव्या बरगड्या. समुद्राच्या तळाशी रांगणारा आणि डायनासोर यायच्या आधीच नामशेष झालेला हा प्राणी दिसतो साधारण झुरळासारखा. वर्गात कोणी तसं म्हणालं की आत्या खडू खाली ठेवायची आणि म्हणायची, "झुरळ नाही." इतक्या थंडपणे, की पुढच्या बाकावरची मुलं पाय वर घ्यायची. मी त्या वर्गात बसलेली आहे.

रत्नागिरीत कोणताही समारंभ "ही रत्नांची खाण आहे" या वाक्याशिवाय सुरू होत नाही. आत्याच्या निरोप समारंभात ते वाक्य संस्थेच्या अध्यक्षांनी घेतलं, आणि मग खाणीतून आत्याला बाहेर काढून तिच्यावर ते बराच वेळ बोलले. उत्तरादाखल आत्या फार थोडं बोलली. नऊ वर्षांची असताना आपण नदीकाठी एका दगडात बरगड्यांचा प्राणी पाहिला होता. दगड घरी नेला, तर वडील म्हणाले, "दगडातलं झुरळ," आणि त्यांनी तो परसात भिरकावला. पुढे कॉलेजात गेल्यावर पुस्तकात तेच चित्र दिसलं. "म्हणून मी विज्ञान शिकवलं," असं म्हणून ती खाली बसली.

अध्यक्षांनी लगेच माइक परत घेतला. शाळेचा सुवर्णमहोत्सव दोन वर्षांवर आला होता. त्यांनी जाहीर केलं की महोत्सवात 'जीवाश्म दालन' उघडण्यात येईल आणि त्यात हा ट्रायलोबाइट बाई स्वहस्ते ठेवतील. टाळ्या झाल्या. ट्रायलोबाइट कुठे आहे, हे कोणी विचारलं नाही.

घरी बाबांनी विचारलं. "ताई, नऊ वर्षांची असताना तू विहिरीवर भूतही पाहिलं होतंस."

"ते भूत नव्हतं. शेजारचे मास्तर होते."

"तेच म्हणतोय मी."

मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. पुस्तकं हाताशी असली की माणूस घरच्यांना सुधारायला जातो. मी भूगर्भशास्त्राची जाडी पुस्तकं चाळली आणि एका रात्री जेवताना आत्याला सांगितलं की आपल्याकडचा काळा कातळ हा ज्वालामुखीचा लाव्हा. तो थंड झाला तेव्हा शेवटच्या ट्रायलोबाइटला मरून कोट्यवधी वर्षं झाली होती. जांभा तर त्याहून कोवळा. राजापूरच्या बाजूला जुने दगड आहेत, पण ते इतके जुने की तेव्हा ट्रायलोबाइट जन्माला यायचा होता. थोडक्यात, आपल्या जिल्ह्याने या प्राण्याला दोन्ही बाजूंनी चुकवलं आहे.

आत्याने भात कालवला. "म्हणजे मी खोटं बोलले?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

लोकांना वाटायचं, आत्याला ट्रायलोबाइट हवा आहे. तिला हवं होतं ते इतकंच, की आपण नऊ वर्षांच्या असताना जे डोळ्यांनी पाहिलं, ते पाहिलं होतं. ट्रायलोबाइट हा त्यातला पुरावा.

पावसाळा संपल्यावर, पुढच्याच रविवारी आम्ही काजळी नदीवर गेलो. आत्याचं आजोळ नदीकाठी होतं, आणि दगड तिथेच कुठेतरी सापडला होता. पण काठ लांब, आठवण जुनी. जाताना स्कूटर मी चालवायचे, मागे आत्या, तिच्या मांडीवर पिशवी. पिशवीत हातोडी, जुना टूथब्रश आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरलेलं कोकमाचं आगळ. ट्रायलोबाइट चुनखडीच्या दगडात असायची शक्यता जास्त, आणि चुनखडीवर आम्ल टाकलं की ते फसफसतं. शाळेतलं आम्ल प्रयोगशाळेच्या कुलपात होतं आणि किल्ली आता नव्या बाईंकडे होती. आगळ मात्र घरचं होतं, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

पहिला हिवाळा आम्ही उगमाच्या दिशेने गेलो, कारण आत्याचं म्हणणं की दगड नदीने आणला असणार. काळ्या दगडांवर लाल थेंब पडायचे आणि तसेच ओघळून जायचे. एकही फसफसला नाही. एवढं आगळ एवढ्या दगडांनी मुकाट्याने प्यायलेलं मी तरी पाहिलं नाही. बाबा दर रविवारी संध्याकाळी विचारायचे, "काय, आज कोणाला सोलकढी पाजलीत?"

मग आम्ही दिशा बदलली आणि खाडीकडे सरकलो. तिथे पहिल्याच दिवशी पहिला दगड फसफसला. दुसराही. तिसराही. आत्या बाटली घेऊन चौथ्याकडे वळली. मीही पुस्तकांवरचा विश्वास गमवायच्या बेतात होते. तेवढ्यात ओहोटीला कालवं काढायला आलेल्या बायकांपैकी एक जवळ येऊन बघत उभी राहिली.

"दगडाला आगळ कशाला गो बाय?"

"दगड कुठला आहे ते बघतोय," मी म्हटलं.

"दगड कुठला असायचा? हितलाच." मग वाकून नीट बघत ती म्हणाली, "पण कालवांवर कशाला वतताव? कालवं खायची आमाला."

आम्ही बघितलं. दगडांवर कालवांच्या शिंपल्यांचा पातळ थर होता. शिंपले म्हणजे चुनाच. दगड गप्प होते, बोलत होती ती कालवं. विज्ञानाची पदवी, ग्रंथपालाची पदवी आणि एक बाटली आगळ इतक्या सामग्रीवर आम्ही जवळजवळ अख्खा काठ चुनखडीचा ठरवला होता. परत येताना आत्या स्कूटरवर एकच वाक्य बोलली. "आधी खरवडायचं, मग थेंब टाकायचा. हे मी मुलांना शिकवलेलं आहे."

तेव्हापासून आम्ही आधी खरवडायचो.

सुवर्णमहोत्सव आता जवळ आला होता. एकदा अध्यक्ष स्वतः घरी आले. त्यांच्यासाठी चहा टाकला, पण त्यांनी पाण्यावरच भागवलं. मोठ्या माणसांची ती पद्धत असते. म्हणाले, "बाई, एवढा त्रास कशाला? मुंबईत दुकानात मिळतात ट्रायलोबाइट. पॉलिश केलेले. आपण आणवू."

"मिळतात," आत्या म्हणाली. "पदव्याही मिळतात."

अध्यक्ष हसले. त्यांच्या भिंतीवर किती पदव्या होत्या हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हसले नाही. उठता उठता त्यांनी सांगितलं की काचेचं कपाट तयार झालं आहे, चांगलं उंच आहे, आणि पितळी पाटीही कोरून आली आहे. पाटीवर होतं: 'कोकणच्या मातीतला आद्य रहिवासी'.

दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी आम्ही जुन्या बंदरापाशी पोचलो. खाडी आत वळते तिथे पूर्वी गलबतं लागायची. आता चिखल, खारफुटी आणि पडका धक्का. धक्क्याच्या पायथ्याशी राखाडी रंगाचे काही दगड होते. आत्याने एक उचलला, खरवडला, पुसला, पुन्हा खरवडला. मग थेंब टाकला. गुलाबी फेस आला. आजूबाजूचे काळे दगड नेहमीसारखे गप्प.

त्या दगडांत प्राणी नव्हता, पण आत्याने गोणीभर दगड घरी आणवले आणि पडवीत ओतले. तीन दिवस ती त्यांच्यासमोर बसून होती. इथे नसलेला दगड इथे आला कसा, हे तिला समजत नव्हतं, आणि माझ्या पुस्तकांनाही नव्हतं. नदीच्या वाटेवर वरपर्यंत असा एकही दगड आम्हाला भेटला नव्हता.

चौथ्या दिवशी बाबा बाजारातून आले, अंधारात त्यांचा पाय दगडाला ठेचकाळला, आणि ते म्हणाले, "ताई, हे सगळं निरम घरात कशाला आणून ठेवलंस?"

निरम हा आमच्या घरातला शब्द. जो नुसता बसून असतो, कामाला हात लावत नाही आणि जागा अडवतो, तो निरम. सुट्टीत लोळणारी मी निरम, जेवून घोरणारे पाहुणे निरम. काही वेळा, राग आला की, लग्न न करता माहेरी राहिलेल्या बहिणीबद्दलही बाबांनी हा शब्द वापरला होता आणि आत्याने तो ऐकला होता. त्यामुळे मी स्वयंपाकघरातून लगेच बाहेर आले.

आत्या बाबांकडे बघत होती. "काय म्हणालास?"

"काही नाही. पाय लागला म्हणून बोललो."

"नाही, शब्द काय वापरलास?"

"निरम," बाबा ओशाळून म्हणाले. "तुला उद्देशून नव्हतं."

"मेल्या, मला उद्देशून असतं तरी चाललं असतं. आजोबांच्या गलबतात काय असायचं?"

बाबांना काही आठवेना. ते तेव्हा पाळण्यात होते. आत्याला आठवत होतं. तिच्या आईच्या वडिलांची एका गलबतात भागी होती. माल उतरवून रिकामं परत निघालेलं गलबत वाऱ्याने कलंडू नये म्हणून तळात दगड भरायचे. त्या दगडांना म्हणायचे निरम. इथल्या बंदरात पोचलं की नवा माल भरायच्या आधी ते दगड काठावर फेकून द्यायचे. आणि त्या ढिगाऱ्यावर नऊ वर्षांची नात खेळायची. शब्द आमच्या घरात पुढची पन्नास वर्षं शिवी म्हणून फिरत राहिला, आणि त्याचा अर्थ बंदरावर पडून राहिला.

"म्हणजे दगड इथला नव्हताच," मी म्हटलं.

"तुझी पुस्तकं बरोबर होती," आत्या म्हणाली. "मीही."

पुढच्या अमावास्येला, उधाणाची ओहोटी धरून आम्ही गेलो. पाणी इतकं मागे हटलं की धक्क्याखालचा ढिगारा निम्मा उघडा पडला. आत्याने पदर खोचला आणि घोट्यापर्यंत चिखलात उतरली. तिच्या वयाच्या बाईने काय करू नये, याची एक यादी माझ्या मनात तयार होती. ती मी मनातच ठेवली. आत्या एकेक दगड काढून माझ्याकडे द्यायची, मी डबक्यात धुऊन काठावर मांडायचे. एका मोठ्या दगडावर मी हातोडी उगारली, तेव्हा ती म्हणाली, "मारू नको. आधी धू."

मी धुतला. टूथब्रशने कडेचा चिखल काढला. दगडाच्या एका कोपऱ्यात, आठ आण्यांच्या नाण्याएवढ्या जागेत, आडव्या बरगड्या होत्या. मध्ये एक उंच पट्टा, दोन्ही बाजूंना दोन. खडूचे रंग तेवढे नव्हते.

आत्याने दगड हातात घेतला, उन्हात धरला, तिरपा केला. मग म्हणाली, "झुरळ."

आणि मग, "चल. भरती येईल."

पुण्याच्या एका भूगर्भशास्त्रज्ञांना आम्ही तो नेऊन दाखवला. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि सांगितलं की ट्रायलोबाइटच आहे, शेपटीकडचा भाग, डोकं नाही. असा चुनखडक जवळपास कुठेही नाही, जहाजातून आला असणार. कुठून ते सांगता येणार नाही. आत्याने त्यांचे आभार मानले आणि डोकं नसल्याबद्दल काही तक्रार केली नाही.

बाबांनी दगड पाहिला. "तू पाहिला होतास तो हाच का?"

"तो परसात फेकला होता. हा दुसरा."

"म्हणजे पाहिला होतास."

"होता."

बाबा आत गेले. वडिलांच्या वतीने चूक कबूल करायची पद्धत आमच्या घरात नाही. थोड्या वेळाने त्यांनी खोकल्याच्या औषधाची बाटली धुऊन, आगळ भरून, पिशवीत परत ठेवलेली मी पाहिली.

महोत्सवाच्या आठवडाभर आधी आत्या दगड घेऊन शाळेत गेली. मी बरोबर होते. तिने कपाटावरची पाटी वाचली आणि दगड पिशवीतच ठेवला.

"हा कोकणच्या मातीतला नाही," ती अध्यक्षांना म्हणाली. "आणि रहिवासीही नाही. वजन म्हणून आणला, गरज संपल्यावर टाकला."

"बाई, भावना समजून घ्या. एवढं शास्त्र कोण बघतंय?"

"मी बघतेय. लोकांनी माझ्या शब्दावर टाळ्या वाजवल्या होत्या. तो शब्द खरा ठरवायला मी दोन वर्षं चिखलात उभी राहिले. आता तुमची पाटी तो खोटा करतेय."

"पण पाटी पितळेची आहे," अध्यक्ष म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हा शेवटचा मुद्दा होता.

"मग उलटी करा. मागची बाजूही पितळेचीच असेल."

पाटी उलटी झाली, कारण प्रमुख पाहुणे ठरले होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि दगड आत्याच्या पिशवीत होता. नवा मजकूर तिने स्वतः सांगितला.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी मखमली पडद्याची दोरी ओढली आणि माइकवरून पाटी वाचली. आवाज चढत गेला. "ट्रायलोबाइटची शेपटी. नदीकाठी निरमात सापडली. मूळची इथली नाही." इथे ते थांबले. पुढे काही असेल म्हणून त्यांनी पाटीच्या खालच्या कडेला पाहिलं. काही नव्हतं. मग ते म्हणाले, "रत्नागिरी ही रत्नांची खाण आहे," आणि टाळ्या झाल्या. आत्या पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

कपाट मात्र अध्यक्षांच्या इच्छेप्रमाणे फारच उंच झालं होतं आणि पंखा लावला की डुगडुगायचं. शेवटी आमच्या पडवीतले बाद दगड गोणीत भरून शाळेत नेले आणि खालच्या खणात ठेवले. आता ते हलत नाही.