बाकाला विचारून बसणारा

रिक्षावाल्यानं म्हाताऱ्याला बाकावरून उचललं, तेव्हा त्याच्या घोट्याची कातडी बाकालाच चिकटून राहिली. म्हाताऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. "आधी आक्काला घ्या," म्हणत होता.

आक्का म्हणजे मी. उन्हानं चक्कर येऊन त्याच बाकावर आडवी झाले होते, त्याच्या घोंगडीवर.

पडेगावच्या थांब्यावर दर गुरुवारी दुपारी आमची गाठ पडायची. दोघांनाही साखरेचा आजार, दोघंही शहरात गोळ्या आणायला निघालेले. तिथं आधी लिंबाखाली दगडी कट्टा होता. रस्ता रुंद झाला, लिंब गेला, स्टीलचा बाक आला. वर पत्रा आहे, पण दुपारी त्याची सावली मागच्या उघड्या नालीवर पडते. असले बाक तुम्हीही पाहिले असतील. बसवणारा त्यावर कधी बसत नाही.

म्हातारा आधी बाकाला उलटा हात लावायचा, मेंढराचा ताप बघावा तसा.

"थांब आक्का, आधी बाकाला इचारू दे."

मग निकाल. मे महिन्यात, "भाकर भाजंल." थंडीत, "आज बसलीस तर उठायची नाय." मग घोंगडी पसरायचा. अर्धी त्याला, अर्धी मला.

"दादा, मेंढराचा वास येतो हिला," मी एकदा म्हणाले.

"मेंढरं कवाच इकली. वास माझा हाय."

मी पडले त्या दिवशी त्यानं अख्खी घोंगडी माझ्याखाली घातली. माझ्या तोंडावर सावली पडावी म्हणून चपला काढून उन्हाच्या बाजूला मांडी घालून बसला. तेवढ्या एका वेळी बाकाला विचारलं नाही. साखरेनं त्याचे पाय आधीच बधिर झालेले. बस आली नाही. तासाभरानं रिक्षावाला थांबला.

दवाखान्यात मला सलाईन लावलं, त्याला पट्टी बांधली. रोज पट्टी बदलायला या, म्हणून सांगितलं. तो गेला नाही.

पुढच्या गुरुवारी पट्टी मळलेली, घाण वास येत होता. मी ओरडले, "अरे दाखव की तो पाय!"

"कशाला? लई दुखलं की दाखवीन."

ते दुखलंच नाही. त्यानंतरच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याची सून थांब्यावर आली. पाय गुडघ्यापर्यंत काळा पडला होता, म्हणाली. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत विष अंगभर पसरलं होतं.

तो मेला. मी वाचले.