शिरगणतीतली कांडीवाली

मी शिकलो दोन यत्ता, पण इंग्रजाच्या अमदानीत सोलापुरात शिरगणती झाली तेव्हा घरांवर गेरूनं नंबर मीच घातले. साखरपेठेत एक बाई दारात बसून रहाटावर मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरत होती; आत नवऱ्याचा माग चालू होता. मोजणीच्या मास्तरानं तिच्या नवऱ्यापुढं ‘विणकर’ लिहिलं, तिच्यापुढं ‘काम नाही’.

"मग मी काय खेळतीय व्हय हितं?"

"बाई, हे घरकाम."

तिनं रहाट थांबवला आणि हाताची घडी घालून बसली. थोड्या वेळात आतली भरलेली कांडी संपली, नवऱ्याचा माग बंद पडला.

"आता त्यांच्यापुढंबी लिवा की, काम न्हाय!"

मास्तरानं खोडून ‘कांड्या भरणारी’ लिहिलं. तिनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

देशात माणसं किती, ते सरकारला विचारा. त्यातली एक बरोबर मोजली, हे मी छाती ठोकून सांगतो.