झाकून ठेवलेलं ताट

विमलअक्कांच्या अमृतमहोत्सवाच्या अंकासाठी चार ओळी लिहून द्या, असं समितीनं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. सगळा जन्म ओट्यापाशी गेला. हात दमलेत, लिहायचं अंगावर येतं. पण अक्कांवर मी नाही लिहायचं तर कुणी?

पहिली भेट सात रस्त्याजवळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात झाली. माझी साखर काही केल्या उतरत नव्हती. उजव्या डोळ्यानं अंधूक दिसत होतं आणि जेवण सांभाळलं नाही तर डावाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शाळेतून निवृत्त झालेल्या अक्का तिथं बायकांना आहाराचं समजावून सांगायला येत. मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "अक्का, घरात समद्यांपेक्षा कमी मीच खाते की!" त्यांनी कसलाही तक्ता दिला नाही. "उद्या कुंभारीला तुमच्या घरी येते. रोजच्यासारखा सैपाक करा," एवढंच म्हणाल्या.

आल्या आणि ओट्यापाशी स्टूल ओढून बसल्या. मी मटकीची उसळ, मेथी, काकडीची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी केली, सगळ्यांना वाढलं. मग माझं जेवण: रात्रीचा भात फोडणी देऊन, नातवानं टाकलेला शिरा, कढईला चिकटलेली दोन घास उसळ.

"रोज असंच?"

"अन्न टाकायचं कुटं, अक्का?"

"टाकू नका. पर तुमचं पोट म्हंजे खरकट्याचं भांडं न्हाय."

लई राग आला मला. खरं होतं म्हणूनच आला. साखर माझी, आणि धड जेवण मात्र निरोगी माणसांच्या पोटात!

अक्कांनी नियम घालून दिला: सैपाक झाला की पहिलं ताट माझं वाढायचं. सासूबाई कडाडल्या, "बाईमाणसानं आदी वाढून घ्यायचं? असं कुटं असतंय व्हय?" अक्का शांतपणे म्हणाल्या, "आदी जेवायचं न्हाय, आत्याबाई. वाढून झाकून ठिवायचं." दुसऱ्या दिवशी झाकण त्यांनीच आणून दिलं. आठवड्याभरानं माझं ताट सासूबाईच झाकू लागल्या.

साखरवाल्यांचं वेगळं जेवण अक्कांना मान्यच नाही. घरात एकच सैपाक, फक्त वाढणी बदलायची. आज मटकी, उद्या हुलगा, परवा पालेभाजी घालून मुगाचं धिरडं. कडक भाकरी हलकी लागते म्हणून मी चार चुरायची, तेव्हा त्या म्हणत, "वाळली म्हणून भाकरी कमी झाली व्हय?"

डावा डोळा वाचला. हे त्याच डोळ्यानं लिहिते आहे.

गेल्या महिन्यात सोहळ्याचं आमंत्रण द्यायला अक्कांच्या घरी गेले. त्यांच्याकडे आहाराचं शिकायला आलेल्या बायका जेवून उठल्या होत्या. अक्का आत उभ्या उभ्या पातेल्यातली खिचडीची खरवड खात होत्या. त्यांनाही आता साखर आहे, पाय सुजतात.

"अक्का, तुमचं ताट?"

त्या ओशाळून हसल्या. "दमले गं. एकटीसाठी कोण वाढून घेतंय?"

मी पातेलं काढून घेतलं, त्यांना खाली बसवलं आणि भाकरी टाकली.

अक्का, आम्हाला तुम्ही अजून पुष्कळ वर्षं हव्या आहात, धडधाकट. हार-तुरे, भाषणं होऊ द्यात. पण त्या दिवशी पंगत बसायच्या आधी पहिलं ताट तुमचं वाढलेलं असेल. झाकण मी घरून आणते आहे, तुम्हीच दिलेलं.