टीचर आणि काठ वळवायचं यंत्र

आमच्या टीचर कुणाच्याही घरी गेल्या की आधी भांड्याच्या काठावरून बोट फिरवायच्या. लग्नातलं भाताचं तपेलं, दवाखान्यातली बादली, बँकेतला पेनं ठेवायचा डबा, काहीही चालायचं. बोट पूर्ण फेरी मारून आलं की "बरा वळवलाय" किंवा "घाई केली" एवढाच निकाल. एकदा चर्चच्या दारात लोक पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूस करत होते आणि टीचर त्याच भांड्याचा काठ बाहेरून तपासत होत्या. मागे रांग लागली होती. कुणी काही बोललं नाही, कारण रांगेतल्या निम्म्या लोकांना त्यांनी गणितात नापास केलं होतं.

त्यात मीही होतो. वसईच्या आमच्या गावातल्या मराठी शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांच्या वाडीतल्या विहिरीच्या पंपावरचं झाकण गंजून पडलं. बाजारातला पत्रेवाला दुकान बंद करून गेला होता. टीचरनी तेलाचा रिकामा डबा कापून सपाट केला, त्यावर कंपासने आकृती काढली आणि शंकूच्या आकाराचं झाकण स्वतःच केलं. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांना शंकूचं वक्रपृष्ठफळ काढायला लावलं, पण शंकू कधी केला नव्हता. माझी मलाच लाज वाटली."

ती लाज पुढे फार महागात पडली, म्हणजे आम्हाला. नरसाळी, झाऱ्या, पत्रपेट्या, जे सुचेल ते त्या करायच्या आणि गावभर वाटायच्या. मापं अचूक असायची, काठ मात्र पात्यासारखे. कुणाच्या बोटाला पट्टी दिसली की लोक विचारायचे, "झारी का नरसाळं?" नाताळला त्यांनी फादरना पत्र्याची चांदणी दिली आणि फादरनी नाताळची मिस्सा अंगठ्याला पट्टी बांधून केली. टीचरचे यजमान सायमनकाका शर्टाच्या खिशात चिकटपट्ट्या घेऊनच फिरायचे. "हिची कला वाढतेय," ते सांगायचे, "आणि माझा साठा संपतोय."

काठ नीट आत वळवायचा तर त्यासाठी हाताने फिरवायचं यंत्र हवं. दोन आडवे दांडे, त्यांच्या टोकांना एकमेकांत बसणारी दोन चाकं. मूठ फिरवली की पत्रा मधून सरकतो आणि त्याचा काठ दुमडतो. नव्या यंत्राचा भाव दुकानदाराने सांगितला तेव्हा टीचरनी शांतपणे विचारलं, "हे रुपयांत का?" मग स्वस्तातलं एक यंत्र त्यांनी मोबाईलवरून मागवलं. त्याचे दांडे इतके ढिले की पत्रा करंजीच्या कडेसारखा होऊन बाहेर आला. "ठेव गं," काका म्हणाले, "फराळाला होईल." टीचरनी ते परत पाठवलं, सोबत तीन पानी पत्र आणि आकृती. पत्राच्या शेवटी लाल शाईत लिहिलं होतं, "शंभरपैकी अठरा. पुन्हा बसावे."

मग कुणीतरी जवळच्या जूचंद्र गावाचं नाव काढलं. तिथे पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे तात्या होते, त्यांचं जुनं यंत्र पडून होतं. माझ्याकडे व्हॅन होती, म्हणून मला बोलावणं आलं. टीचरनी पर्समध्ये रुमालाऐवजी पत्र्याच्या पट्ट्या घेतल्या होत्या. तात्यांच्या पडवीत यंत्रावर एक कोंबडी बसली होती. कोंबडीला बाजूला करून टीचरनी मूठ फिरवून पाहिली, दाते मोजले, चाकं समोरासमोर येतात का ते वाकून पाहिलं, आणि पट्टी घातली. पट्टी तिरकी निघाली.

"खालचा दांडा हलतोय," टीचर म्हणाल्या.

"माज्या बापाची मशीन हाय ती," तात्या म्हणाले. "हलत नाय."

"हात लावून बघा."

तात्यांनी हात लावला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला. मग बसत म्हणाले, "हलतंय खरा. पन इकायची नाय. पोरा भंगारात द्याला निगालीत, घर पारून बिल्डिंग व्हनार हाय. तुमाला कशाला पायजे?"

"हौस आहे."

"हौसंला नाय देनार. दोन म्हैन्यान कोपऱ्यात परंल."

टीचर उठल्या नाहीत. त्यांनी तात्यांचीच हातोडी मागितली आणि पत्र्याच्या तुकड्याचा काठ ठोकून वळवायला बसल्या. इतक्या वर्षांत फळ्यापुढे कधी न अडखळलेला तो हात तिथे चांगलाच अडखळला. तात्या आधी गालात हसले, मग खोकला येईपर्यंत हसले. "अगो पोरी," ते म्हणाले, "मारतंस कशाला त्याला? त्यान तुजा काय केलाय?"

त्रेसष्ट वर्षांच्या टीचरना कुणीतरी पोरी म्हणत होतं आणि त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मी व्हॅनमध्ये जाऊन हसून आलो.

शेवटी ठरलं असं, की आधी शिकायचं, मग यंत्र. पुढचे दोन महिने दर रविवारी मिस्सा आटोपली की आम्ही जूचंद्रला जायचो. टीचर वही काढायच्या, तात्या ती मिटून बाजूला ठेवायचे. "ल्हिवून काय व्हतंय? बोटांना कलू दे." पत्रा एकदम दुमडायचा नाही, प्रत्येक फेरीला थोडा थोडा उचलायचा, हे टीचरना काही केल्या जमत नव्हतं. त्यांना उत्तर पहिल्याच ओळीत हवं असायचं. एकदा तात्या जरा जोरातच रागावले. परतीच्या वाटेवर टीचरनी मिटलेली वही पर्समध्ये कोंबली. मग म्हणाल्या, "तू सातवीत होतास तेव्हा मी तुला फार बोलायचे का रे?" मी म्हटलं, "नाही, टीचर." त्या म्हणाल्या, "खोटं बोलू नकोस. गाडी चालव."

शेवटच्या रविवारी त्यांनी वळवलेला डबा तात्यांनी दोनदा उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गारीत घाल." भंगारवाला जेवढे देणार होता तेवढेच पैसे त्यांनी घेतले. खालचा दांडा हलू नये म्हणून त्याला नवं पितळी बुश, म्हणजे कडं, बसवून यंत्र टीचरच्या पडवीत आलं. टीचर पत्रा धरायच्या, सायमनकाका मूठ फिरवायचे. "हळू" आणि "थांब" एवढ्या दोनच शब्दांवर त्यांच्या संसाराची पुढची वर्षं गेली. काकांच्या चेष्टा काही थांबल्या नाहीत, पण मूठ सोडून ते कधी उठलेही नाहीत. तात्या नव्या इमारतीतून रिक्षाने यायचे, चहा घ्यायचे आणि चुका काढायचे.

गेल्या पावसाळ्यात टीचर गेल्या. दोन दिवस ताप आला आणि संपलं. यंत्रावर काकांनी चादर घातली. आम्हाला वाटलं, ते आता कायमचं झाकलं गेलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी, काका माझ्या दारात आले. "मूठ फिरवायला माणूस पाहिजे," म्हणाले. कबरीवरच्या मेणबत्त्या वाऱ्याने विझतात, म्हणून त्यांना पत्र्याचा आडोसा करायचा होता. त्यांनी आयुष्यात कधी पत्रा धरला नव्हता, फक्त मुठीकडून पाहिला होता. चार तुकडे वाया गेले. मी जोरात फिरवलं की ते "हळू" म्हणायचे, आणि मग क्षणभर दोघंही थांबायचो. पाचवा कसाबसा जमला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी कबरीवर मेणबत्ती लावली आणि तिच्याभोवती आडोसा ठेवला. तो एका बाजूला कलला होता, काठही एका ठिकाणी सुटला होता, पण ज्योत हलत नव्हती. काका त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग कबरीच्या दगडाकडे वळून, जरा ओशाळून म्हणाले, "पुढच्या वर्षी याच्यापेक्षा बरा करून आणतो."